मांडव एकाचा, सातबारा दुसऱ्याचा

मोजणीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "साहेब कुटायत?" नोटीस माझ्या सहीची, यंत्र माझ्या हातात, तरी लोक माझ्या पाठीमागे बघत राहायचे. आमचे शिपाई हद्दीचे दगड रोवायला बरोबर असत. त्यांच्या मिशा भरघोस. खुर्ची त्यांना मिळायची आणि मला घरातल्या बायकांजवळ ओसरीवर बसवायचे. सुरुवातीला मी चिडायची. पुढे मात्र हे सोयीचं वाटायला लागलं, कारण ओसरीवर जे कळतं ते खुर्चीवर बसणाऱ्याला कधीच कळत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावाकडे आम्हाला मोजणीदार म्हणतात, आणि निकाल मनासारखा लागला नाही की जे म्हणतात ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी मूळची सोलापूरच्या पूर्व भागातली. आमचे नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर टॉवेल विणायचे. आम्ही भाड्याच्या खोलीत वाढलो. शेत ही एस.टी.च्या खिडकीतून बघायची गोष्ट होती. जिच्या घराण्यात कुणाच्या नावावर मूठभर माती नाही, तिला सरकारनं जमिनी मोजायला लावलं, याचं नान्नांना शेवटपर्यंत हसू यायचं. तेलुगू घरची, मराठी शाळेची, आणि कन्नड मात्र मी पोटासाठी शिकले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बांधांवर त्याशिवाय निभाव लागत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी आमचं काम थोडक्यात सांगते. सातबारा सांगतो जमीन कुणाच्या नावावर आहे. नकाशा सांगतो ती नेमकी कुठे आहे. मोजणीदार नकाशातली रेघ मातीवर आणून दाखवतो आणि प्रत्यक्षात तिथे कसतंय कोण, म्हणजे वहिवाट कुणाची, ते नोंदवतो. हद्द दाखवणं माझं काम, हक्क ठरवणं माझं काम नव्हे. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की घरात भाजीच्या वाटणीवरून भांडण झालं तरी मुलं मला तेच ऐकवतात.

पूर्वी लोखंडी साखळी ओढत मोजायचो. आता रोव्हर नावाचं काठीवरचं यंत्र उपग्रहाकडून जागा घेतं. मैंदर्गीच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं ते नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "वरनं समदं दिसतंय म्हनता, मग शेजारी माझा बांध कोरताना ह्यास्नी कसं दिसलं न्हाय?" वळसंगकडे दोन भाऊ भेटले, एकमेकांशी बोलत नव्हते. एक बांधाच्या अलीकडे, एक पलीकडे. "त्याला सांगा मॅडम, दगूड सरळ धर." "त्याला सांगा, तू काय शिकवू नगंस." निरोप देऊन देऊन माझा घसा बसला. शेवटी मीच दोघांना एकाच तांब्यातलं पाणी पाजलं आणि आता आपापसात भांडा, मला कामं आहेत, असं सांगून टाकलं.

या कामात एक गोष्ट फार लवकर कळली. कागद साफ नसेल तर जमिनीला मोल राहत नाही. माती काळीभोर असो, विहिरीला बारमाही पाणी असो, गिऱ्हाईक आधी भांडणाची किंमत वजा करतं आणि उरलं तर जमिनीची देतं. सरळ माणूस अशा जमिनीच्या वाटेला जात नाही. जातो तो ज्याला भांडणाचीच हौस आहे, ज्याच्या गाडीत चार धटिंगण बसलेले असतात. कर्ज मिळत नाही, भाड्यानं द्यायची भीती, विकायची लाज. माणसं नुसती जमीन धरून बसतात आणि जमीनही त्यांना धरून बसते. हे सगळं मी ज्या एका प्रकरणात अगदी जवळून पाहिलं, ते मंद्रूपच्या पुढच्या एका गावातलं. माझी निवृत्ती तेव्हा जवळ आली होती.

अर्ज सिद्धाराम नावाच्या तरुणाचा होता. पुण्यात कंपनीत नोकरी. रस्त्याला लागून असलेला गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याच्या आणि त्याच्या आईच्या, महानंदाच्या, नावावर. सोलापूरच्या एका गिऱ्हाइकाला तो विकत हवा होता. व्यवहाराआधी हद्द कायम करून द्यायची, एवढंच काम. मी पोचले तेव्हा शेताच्या कडेला पांढरी गाडी उभी होती, गाडीपाशी सिद्धाराम, गिऱ्हाईक आणि त्याचा एजंट. शेतात ज्वारी होती, कडेला पक्कं घर, कोंबड्यांची शेड. आणि घराच्या पायरीवर एक पन्नाशी उलटलेला माणूस हात जोडून उभा होता. तो भगवान जाधव. घर त्याचं, ज्वारी त्याची, कोंबड्या त्याच्या. सातबाऱ्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी यंत्र लावायला सांगितलं आणि पाणी प्यायला म्हणून महानंदाच्या घरी गेले. तिथे ओसरीवर सगळं कळलं.

महानंदा साधारण माझ्याच वयाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात कन्नड, दारात मराठी. मी कन्नडमधून विचारलं तशी ती मोकळी झाली. तिचा सासरा आणि भगवानचा बाप जिवाभावाचे. सासऱ्याला विहिरीजवळचं शेत हवं होतं, भगवानच्या बापाला रस्त्याकडचं. दोघांनी देवळात शपथेचा बेलभंडार उचलला आणि शेतं बदलली. कागद केला नाही. त्या काळी असा कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर थुंकणं होतं. पुढे मागायचा विचार आला तेव्हा स्टँप ड्यूटीचा आकडा ऐकून दोघेही गप्प बसले. तेव्हापासून महानंदाचं घर भगवानच्या नावावरचं शेत कसतंय आणि भगवानचं घर महानंदाच्या नावावरचं. विहिरीजवळच्या त्या शेतात महानंदानं द्राक्षबाग उभी केली होती. लोखंडी अँगल, तारा, मांडव. मांडव तिचा, आणि मांडवाखालची माती कागदावर भगवानची.

"गारपीट झाली तवा मांडव झोपला," ती म्हणाली. "सरकारी भरपाई भगवानभाऊच्या खात्यात आली, नाव त्येंचं म्हनून. त्येंनी जशीच्या तशी आनून माझ्या हातात दिली. च्या सुद्धा न्हाय पिले." मग तिनं रस्त्याकडच्या शेताकडे हात केला. "आनि आता माझं लेकरू त्येंचं घर इकाया आलंय."

"तुमची सही लागेल," मी म्हटलं.

"ठाव हाय. म्हनूनच तर रात्री जेवला न्हाय त्यो."

सिद्धाराम वाईट मुलगा नव्हता. त्याचं म्हणणं मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं. बागेवर कर्ज मिळत नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. विमा नाही, अनुदान नाही. आई एकटी मरमर करते आणि कागदावर तिचं तिथे काहीच नाही. "कागदावर जे आपलं हाय ते तरी इकू की अव्वा," असं तो आईला म्हणत होता. एवढी रक्कम आली तर पुण्यात घर होणार होतं.

मोजणी सुरू झाली. यंत्र भराभर खुणा देत गेलं आणि नकाशातली रेघ भगवानच्या घराला, शेडला, ज्वारीला वळसा घालून त्या सगळ्यांना आत घेऊन बंद झाली. भगवान माझ्या मागोमाग चालत होता, एक अक्षर न बोलता. हे मला सगळ्यात जड जायचं. भांडणारा माणूस परवडतो.

शेताच्या कोपऱ्यात लिंबाखाली कडब्याची खोप होती. नुकतीच येळवस होऊन गेली होती. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडच्या दक्षिण भागात सगळं घर शेतात जातं, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतं, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील खातं. खोपीत पाच पांढरे दगड होते, वाळलेली फुलं तशीच.

एजंटनं विचारलं, "ही पूजा कुणाची?"

भगवाननं खरं ते सांगितलं. "वैनींची. शेतं बदलली, पर देव जितल्या तितं ठिवलं. आमचं पांडव त्येंच्या मांडवात हायत. येळवसला त्ये हिकडं येत्यात, आमी तिकडं जातो."

एजंटचा चेहरा उजळला. तो माझ्याकडे वळला. "मॅडम, मग झालं की. देव ह्यांचे, दरसाल पूजा ह्यांची. वहिवाट बी मालकाचीच लिवा. ह्यो मानूस नुसता राखनदार."

ज्या देवांना भगवाननं इतकी वर्षं सावली दिली, तेच देव त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे केले जात होते. मला राग आला, खरंच आला, पण सरकारी माणसानं राग दाखवायचा नसतो. मी नकाशा गुंडाळला आणि मोठ्यानं म्हटलं, "वहिवाटीच्या रकान्यात मी कुणाच्या सांगण्यावरून नाव लिहीत नाही. सातबाऱ्यावर दोन नावं आहेत, दोघं इथे आहेत. ज्यांचे देव आहेत त्यांनीच सांगावं, हे शेत कसतंय कोण."

महानंदा घरून येऊन बांधावर उभी होती. ती खोपीत गेली, खाली बसली आणि देवांना कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "एळ्री, होगूण." उठा, जाऊ या. मग मुलाला हाक मारली. "सिद्धाराम, पाटी आन."

"अव्वा, काय चाललंय?"

"आपलं काम ऱ्हायलंय त्येवढं. तुज्या आज्ज्यानं शेत दिलं, देव ठिवून घेतलं. अर्धं दिलं म्हनायचं ह्याला. आज पुरं देऊ."

भगवान पुढे झाला. "वैनी, असं नगा करू. देव हलवू नये. माज्या घरापायी देव नगा उठवू."

"तुमच्यापायी न्हाय भाऊ. ह्यो गाडीवाला देवालाच कागुद कराय बघतोय." ती दगड एकेक उचलून पाटीत ठेवत होती. पाटी भरली तशी मुलाला म्हणाली, "उचल. मला न्हाय पेलायचं."

सिद्धाराम हलेना. त्याच्या पायात चांगले बूट होते, शर्ट इस्त्रीचा. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. आई पाटीजवळ तशीच उभी राहिली. मग त्यानं बूट काढले. पाटी डोक्यावर घेतली आणि गाडीच्या अंगावरून, रस्ता ओलांडून, आत विहिरीजवळच्या मांडवाकडे चालू लागला. मागून आई. आणि त्यांच्या मागे भगवान, कारण आता त्याचे देव त्याला घरी आणायचे होते. एकाच दिवशी दोन्ही घरांचे पांडव उठले. मी वहिवाटीच्या रकान्यात भगवान जाधव लिहिलं. एजंट मला काहीतरी बोलला, ते मी ऐकून घेतलं नाही. गाडी गेली.

इथे गोष्ट संपली असती तर ती छान झाली असती, पण खरी झाली नसती. चहाच्या वेळी सिद्धाराम माझ्यासमोर येऊन बसला, कपाळावर अजून चुना. म्हणाला, "मॅडम, देव न्हेले. अव्वाचं मन हलकं झालं. पर मांडव काकांच्याच सातबाऱ्यावर हाय की. उद्या काका न्हायत, अव्वा न्हाय, मी पुण्यात. काकांची पोरं माझ्यासारखीच गाडी घेऊन आली तर? मी तरी वाईट हाय, पर मला पांडव म्हाईत हायत. त्येंच्या पोरांस्नी ते बी ठाव नसंल."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. बेलभंडार ज्यांनी उचलला ते गेले, ज्यांनी ऐकला ते म्हातारे झाले. शब्द पाळणारी माणसं असेपर्यंतच शब्द पुरतो. मी त्याला आणि भगवानला शासनाच्या सलोखा योजनेबद्दल सांगितलं. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात बरीच वर्षं असेल, तर नाममात्र शुल्क भरून अदलाबदलीचा दस्त नोंदवता येतो. तलाठी गावात येऊन पंचनामा करतो, दस्त नोंदवला जातो, आणि जो कसतो त्याचं नाव सातबाऱ्याला लागतं. भगवाननं तीनदा विचारलं, "आनि जमीन सरकारजमा न्हाय ना हुनार?" तीनदा मी नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यानं शिपायांना विचारलं, मिशा बघून.

अडचण आली ती भगवानच्या बहिणीची. रत्नाबाई विजयपूरच्या बाजूला दिलेली, विहिरीजवळच्या गटाच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर तिचंही नाव. सही करायची म्हटल्यावर ती तणतणत आली. तिच्या नणंदांना माहेरच्यांनी अशाच गोड बोलून हक्क सोडायला लावलेलं. "बहिनीला साडी द्यायची आनि नाव काडायचं, ठावं हाय मला," ती दारातच म्हणाली. भगवान कावराबावरा झाला. तिच्यावर कुणी कधी जोर केला नव्हता, पण भीतीला नणंदांचं उदाहरण पुरतं. मी मसुदा तिला शब्दन् शब्द वाचून दाखवला, मराठीत आणि कन्नडमध्ये. तिचं नाव पुसलं जात नव्हतं, विहिरीजवळच्या जमिनीवरून रस्त्याकडच्या जमिनीवर जात होतं. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे माजं माहेर रस्त्यावर आलं म्हना की. एस.टी.तनं उतरलं की दारात." आणि सही केली. अंगठा नव्हे, सही. तिला लिहिता येतं हे भावालाच माहीत नव्हतं.

दस्त झाला, फेरफार झाला, नावं बदलली. गावानं हे सगळं चावडीवर बसून बारकाईनं पाहिलं. मग माझ्या कार्यालयात त्या गावची माणसं यायला लागली. कुणाच्या आज्यानं बैलाच्या जोडीवर शेत बदललेलं, कुणाच्या मामानं वाट दिलेली. गावाच्या पोटात एवढ्या तोंडी अदलाबदली दडल्या असतील याची मला कल्पना नव्हती. सगळ्यांचं जमलं असं नाही. काही ठिकाणी एकाच्या शेताला रस्ता लागला होता आणि दुसऱ्याच्या नाही, आणि मग बापाचा शब्द मुलाला जड झाला. अशी माणसं कार्यालयातून उठून जाताना मला वाईट वाटायचं. पाच-दहा वर्षं आधी आली असती तर त्यांचंही जमलं असतं.

महानंदाला बँकेनं कर्ज दिलं. बेदाण्याचं खूळ सिद्धारामच्या डोक्यात शिरलं. नोकरी सोडली नाही, पण दर आठवड्याला गावी यायला लागला. बेदाणा सुकवायला शेड हवी, आणि ती रस्त्याला हवी, म्हणजे गाडी थेट लागते. रस्त्याला जागा होती ती भगवानची.

ती जागा मोजायला मी गेले, ती माझी जवळजवळ शेवटची मोजणी. भगवान मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, भाड्यानं लिवून दिलं तर जमीन जात न्हाय ना? आमच्यात कुनी लिवून देत न्हाय. कूळ लागतंय म्हनत्यात." मी त्याला सांगितलं, शेडच्या जागेला शेतीसारखं कूळ लागत नाही, शिवाय करार किती वर्षांचा, जागा कुठून कुठपर्यंत, सगळं त्यात येईल, आणि तो नोंदवला जाईल. सातबारा तुमच्या नावावर आहे, तुम्हाला भ्यायचं कारण नाही. त्यानं मान हलवली आणि ताठ होऊन सिद्धारामसमोर जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांच्या घरोब्यात ही दोन घरं एकमेकांशी कधी भावात घासाघीस करू शकली नव्हती. दोघांच्या हातात दुसऱ्याचीच जमीन, घासाघीस कशाची करणार? महानंदा बांधावर बसून मजा बघत होती.

भगवाननं भाडं सांगितलं. सिद्धाराम उडालाच.

"काका, एवढं? गावात एवढं कोन देतंय?"

"गावात न्हाय, रस्त्याला हाय जागा. त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं लावलेला भाव तुला ठावं हाय. मला बी ठावं हाय. त्याच्यावरनं काडलंय."

सिद्धारामच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं आईकडे पाहिलं. ती त्याच्या मदतीला आली नाही. मी रोव्हरची काठी धरून उगीच आभाळाकडे बघत राहिले. मग सिद्धाराम म्हणाला, "व्हय काका. तेवढी किंमत हाय तुमच्या जमिनीची."

भगवाननं ते ऐकलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"तुमच्या म्हनलास न्हवं," तो म्हणाला. "मग आता कमी करतो."